फळीमागचा मुक्काम

माझ्या हाताला गुण आहे, असं लोक म्हणायचे. बंद पडलेलं घड्याळ, गळका कंदील, फाटक्या भात्याची पेटी, काय वाट्टेल ते आणून टाका, मास्तर चालू करून देणार. मलाही ते ऐकायला फार आवडायचं, खोटं कशाला सांगू. त्या गुणापायीच तुळजापुरात मी एका बाईच्या मुलाचा पत्ता पुसून टाकला. जगात तो दुसरीकडं कुठंच लिहिलेला नव्हता. पुसला तो चुकून. पण त्यानंतर जे केलं त्यातलं काहीच चुकून केलेलं नाही, आणि आता हातही थरथरायला लागलेत, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

मी सोलापूरचा. वडील गिरणीत फिटर. मराठवाडा मुंबई राज्यात आला, त्याच्या पुढच्या वर्षी मला तुळजापूरच्या शाळेत चित्रकलेचा मास्तर म्हणून नोकरी लागली. वय बावीस आणि डोक्यात हवा. आपण जणू या लोकांना मराठी शिकवायलाच आलोय, असा माझा तोरा होता. हजेरीला पोरं ‘हाजिर’ म्हणायची. मी पहिल्याच दिवशी ते बंद केलं आणि ‘उपस्थित’ म्हणायला लावलं. पोरांची जीभ अडखळायची, कुणी ‘उपसित’ म्हणायचं, कुणी नुसताच हात वर करायचं, आणि मी छडी आपटायचो. उर्दू अक्षर दिसलं की माझं डोकंच फिरायचं. निजाम गेला तरी त्याची खरड काही जात नाही, असं मी चारचौघांत म्हणायचो आणि स्वतःच हसायचो.

देवळामागच्या उतारावर एका विधवा बाईच्या घरी मी माडीवरची खोली भाड्यानं घेतली होती. त्यांना मी काकू म्हणायचो. पुढच्या दोन खोल्या त्या देवीला येणाऱ्या भक्तांना उतरायला द्यायच्या, स्वतः स्वयंपाकघरात राहायच्या आणि मागची एक खोली कायम कुलपात. ती त्यांच्या मुलाची. मुलगा एकुलता एक, माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठा. देवळातल्या पूजेच्या पाळीवरून त्याचं चुलत्यांशी बिनसलं, काकूंनी चुलत्यांची बाजू घेतली, आणि तो ताटावरून उठून हैदराबादला निघून गेला. जाताना आईशी बोलला नाही, आणि आईनंही त्याला थांब म्हटलं नाही. दर नवरात्रात त्याचं एक कार्ड यायचं. आधीच्या दोन्ही कार्डांना काकूंनी उत्तर पाठवलं होतं, पण उत्तर काय, तर आधी चुलत्यांची माफी माग, मग घरात ये. हे त्यांनीच मला सांगितलं, आणि सांगताना पदर तोंडाला लावला. आता त्यांना ते शब्द परत घ्यायचे होते. पुढचं कार्ड आलं की नुसतं ‘ये’ म्हणून लिहायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

या मुलानं घरात एक वस्तू ठेवली होती. धाराशिवला साहेबलोकांचा एक क्लब होता, तिथं तो कामाला होता. राज्य गेलं, साहेब गेले, क्लबाला टाळं लागलं, आणि अडगळ म्हणून फेकायला काढलेला एक खेळाचा बोर्ड ह्यानं मागून घेतला आणि बसच्या टपावर टाकून तुळजापूरला आणला. अडीच हात लांबीची सागवानी फळी, वरच्या टोकाला कमानीसारखी गोल. वर हिरवी बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, तिच्यात पितळी खिळ्यांची रांगोळी, मधेमधे वाट्या, आणि उजव्या कडेला स्प्रिंगचा दांडा. दांडा ओढून सोडला की लोखंडी छर्रा वर धावतो आणि खिळ्यांवर आपटत आपटत खाली येतो, ज्या वाटीत पडेल तितके गुण. आजकाल शहरात विजेवर चालणारी अशी यंत्रं असतात, पिनबॉल म्हणतात, त्यांचा हा बिनविजेचा आजोबा. काकू त्याला ‘टणटण’ म्हणायच्या.

मी पाहिला तेव्हा त्याची पार रया गेलेली होती. बनात उंदरांनी खाल्लेली, निम्मे खिळे पडलेले, स्प्रिंग गंजून दांड्याला चिकटलेली, छर्रे तर नव्हतेच. माझे हात शिवशिवले. मी म्हटलं, काकू, हा मी नवा करून देतो. त्यांचा चेहरा उजळला. पोरगं आलं की हरखून जाईल, म्हणाल्या. बोर्ड कोनाड्यातून काढून माझ्या हातात देताना मात्र त्यांनी एक गोष्ट सांगितली, आणि ती मी आजही जशीच्या तशी म्हणून दाखवू शकतो.

“मास्तर, मागं पोराचा मुक्काम हाय. त्याला तेवढा हात लावू नका.”

मी मान हलवली. मागं म्हणजे मागची खोली, तिथं पोराचा मुक्काम असायचा, तिथल्या सामानाला हात लावायचा नाही, असं मला कळलं. त्या खोलीला कुलूप असताना मी कशाला हात लावतोय, असंही वाटलं. काकूंच्या बोलण्यात मुक्काम म्हणजे पत्ता. कार्डावर ‘मुक्काम पोस्ट’ घालतात ना, तोच. आणि मागं म्हणजे फळीच्या मागं. निघताना मुलानं काळ्या शाईनं फळीच्या मागल्या अंगाला हैदराबादेत जिथं उतरणार होता तिथला पत्ता लिहून ठेवला होता, कारण आई कागद हरवेल पण टणटण हरवणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. पहिल्या कार्डात त्यानं तेवढं कळवलं होतं, म्हणून कार्डांवर तो पत्ता घालतच नसे. लिहिला होता उर्दूत. त्याची सगळी शाळा उर्दूत झालेली, घाईत हात तिकडंच वळायचा. काकूंना तर कुठलंच अक्षर येत नव्हतं. त्यांच्या लेखी उर्दू काय आणि मराठी काय, सारखंच.

श्रावण-भादव्यातले सगळे रविवार मी त्या बोर्डावर घातले. असं काम मी आयुष्यात पुन्हा केलं नाही, हे म्हणायलाही आता लाज वाटते. गंजलेली स्प्रिंग घेऊन सोलापूरला गेलो आणि वडिलांकडून गिरणीतल्या तारेची तंतोतंत तशी वळवून आणली. छर्रे बसच्या गॅरेजातून, जुन्या बेअरिंगांतले निवडून घेतले. पितळी तार कापून, टोकं घासून एकेक खिळा बनवला आणि तो किती अंशांनी कलता ठोकायचा ते छर्रा सोडून सोडून ठरवलं. एखादा खिळा केसभर इकडंतिकडं झाला तरी छर्रा भलत्याच वाटीत जायचा, मग तो उपटून पुन्हा ठोकायचा. नवी बनात त्याआधीच सरसानं चिकटवून घेतली होती. वाट्यांपाशी उर्दू आकडे रंगवलेले होते ते खरवडले आणि माझ्या वळणदार मराठी आकड्यांनी सजवले. मग बोर्ड उलटा केला.

मागं काळ्या शाईत चार-पाच ओळींची खरड होती. अक्षरं मला वाचता येत नव्हती, पण मधेच वाट्यांपाशी होते तसले उर्दू आकडे असावेत असं दिसत होतं, एक सरळ व्ही, एक उलटा. खेळाच्या बोर्डावर आकडे म्हणजे गुणच मांडले असणार, दुसरं काय. क्लबातल्या त्या साहेबांना कागद मिळाला नसेल, म्हणून फळी विद्रूप केली, असं मनाशी म्हणत मी पॉलिश पेपर घेतला. शाई सागात खोल मुरलेली होती. मी हट्टाला पेटलो. आधी जाड कागद, मग बारीक, मग त्याहून बारीक. दोन रविवार लागले. एक रेघ म्हणून राहू दिली नाही. वरून स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडा लाखेचे सात हात दिले, तेव्हा फळीत माझं तोंड दिसायला लागलं. काकू दाण्याची चटणी-भाकरी आणून द्यायच्या, पुढची बाजू पाहून गालावर हात ठेवायच्या. मागची बाजू मी त्यांना मुद्दाम दाखवली नाही. एकदम दाखवून चकित करायचं होतं ना.

घटस्थापनेला बोर्ड पुढच्या खोलीत मांडला. गल्लीतल्या बायका, उतरलेले भक्त, सगळे खेळून गेले. छर्रा पडला की काकू गुण किती ते मला विचारायच्या आणि आकडा ऐकून लहान पोरीसारख्या टाळ्या पिटायच्या. मास्तरचा हात म्हणजे देवीनं दिलेला हात, असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या. मी आपला ‘कसचं काय’ म्हणत होतो आणि आतून फुगत होतो.

अष्टमीला कार्ड आलं. ते उर्दूत, म्हणून वाचायला गल्लीच्या टोकाचे पेशकार आले. तहसिलीत हयात गेलेला म्हातारा माणूस, आता पेन्शनीत. बोलायचे अस्सल मराठी, पण लिहायचे फक्त उर्दू, मराठीत सही करायची तरी घाम फुटायचा. मी पाठीमागं त्यांना निजामाचं शेपूट म्हणायचो. आधी काकूंची कार्डं पोस्टातले एक जुने मुन्शी फळीवरचा पत्ता उतरवून लिहून द्यायचे, ते उन्हाळ्यात वारले, म्हणून या वर्षी पहिल्यांदाच पेशकारांना बोलावलं होतं. त्यांनी चष्मा लावला आणि सावकाश वाचलं. मुलगा बरा होता, कुठल्याशा कारखान्यात लागला होता. पाळीचा हट्ट त्यानं सोडला होता. तू त्या दिवशी बोलली नाहीस त्याचा राग धरला नाही, असं त्यानं लिहिलं होतं, आणि तुझं कार्ड आलं की दिवाळीला येतो.

काकूंनी डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. ये म्हणून लिहा, म्हणाल्या, बाकी काई लिवू नका. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, मास्तर, टणटण उलटी करा, पेशकारांना मुक्काम उतरवून घेऊ द्या.

तरीही माझ्या टाळक्यात उजेड पडला नाही. मी बोर्ड उचलला, मोठ्या ऐटीत उलटा केला, आणि चपड्याची झळाळी बघून कुणीतरी वा म्हणेल म्हणून वाट बघत उभा राहिलो. पेशकार टाक हातात धरून फळीकडं बघत राहिले. काकू त्यांच्याकडं बघत राहिल्या. वाचा की, म्हणाल्या. तेव्हा कुठं काकूंचा ‘मुक्काम’ म्हणजे काय ते मला कळलं.

त्या वेळी मी खरं बोललो असतो तर काय झालं असतं? दोन शिव्या बसल्या असत्या. रडारड झाली असती. एका माणसाला कार्डावरचा शिक्का बघून हैदराबादला धाडता आलं असतं, दिवाळीला अजून तीन आठवडे होते. पण महिनाभर ऐकलेलं ते कौतुक माझ्या कानांत घुमत होतं. माझं तोंड आपोआप उघडलं.

“काकू, फळी मागून वाळवीनं खाल्ली होती. मला नवी घालावी लागली.”

जुनी फळी कुठं आहे, त्यांनी विचारलं. जाळली, मी म्हटलं. एक खोटं बोललं की दुसरं कसं हाताशीच तयार असतं. काकू भिंतीला टेकून खाली बसल्या. मला वाटलं आता बोल लावतील. त्या म्हणाल्या, वाळवीला अक्षर काय कळतंय, तुमी तरी काय करणार मास्तर, तुमी तर जीव ओतला त्याच्यात. म्हणजे उलट त्याच माझी समजूत काढत होत्या, आणि मी ती काढू दिली.

पेशकारांनी फळीवरून तळहात फिरवला. कडेच्या जुन्या खिळ्यांच्या भोकांवर त्यांचं बोट थांबलं. टाक पुसून त्यांनी खिशाला लावला आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवर त्यांनी मला अडवलं. आवाज चढवला नाही. फळी जुनीच आहे, सागवान मला ओळखू येतं, म्हणाले. ते काकूंना तुम्हीच सांगा, मी सांगितलं तर ती चहाडी होईल. मी म्हटलं, आजच सांगतो. संध्याकाळी काकूंनी मला गरम भाकरी वाढली आणि मी ती मुकाट्यानं खाल्ली. उद्या सांगू म्हटलं. मग परवा. मग दिवाळी आली. काकूंनी मागच्या खोलीचं कुलूप काढून ती सारवली होती, न जाणो न कळवताच आला तर म्हणून. भाऊबीज होऊन गेल्यावर त्यांनी कुलूप पुन्हा लावलं. तेव्हा मला सांगायची हिंमत आणखीच राहिली नाही.

ते वर्ष मी कसं काढलं ते माझं मला ठाऊक. पेशकार समोरून दिसले की मी गल्ली बदलायचो. वर्गात कुणी चुकून ‘हाजिर’ म्हटलं तर ऐकलं न ऐकल्यासारखं करायचो. काकू मला आधीपेक्षा जास्त जपायला लागल्या होत्या. ताप आला तर उशाशी बसायच्या. मला ते सहन व्हायचं नाही, आणि आवडायचंही. हे दुसरं लिहिताना मान खाली जाते.

पुढच्या नवरात्रात पुन्हा कार्ड आलं. पेशकारांनी वाचलं आणि एक शब्द गाळला नाही. मुलानं लिहिलं होतं, दिवाळीला बिस्तरा बांधून तुझ्या कार्डाची वाट बघितली. आलं नाही. मी काय ते समजलो. आता तुला त्रास देणार नाही, हे शेवटचं. वाचताना पेशकार काकूंकडं बघत नव्हते, माझ्याकडं बघत होते.

काकूंनी पेशकारांच्या हातून कार्ड घेतलं आणि देवीपुढं ठेवलं. मग म्हणाल्या, हैदराबादला जाऊन त्याला हुडकणारं कुणी हाय का? मी लगेच म्हटलं, मी जातो. खरंच जायचं होतं मला. देवीची शपथ घेऊन सांगतो, बसमध्ये बसलो तेव्हा मनात दुसरं काही नव्हतं. सुटी लागली होती, काकूंनी दशम्या बांधून दिल्या होत्या, मुलाचा एक जुना फोटो दिला होता. सोलापूरला उतरून हैदराबादची गाडी धरायची होती.

सोलापुरात एक रात्र घरी काढू म्हटलं. आईला आनंद झाला. सकाळी स्टेशनवर गेलो. तिकिटाच्या खिडकीसमोर उभा राहिलो आणि विचार आला, एवढ्या मोठ्या शहरात कुणाला विचारणार? आणि समजा सापडला, तर तो पहिलं काय विचारेल? पत्ता फळीवर होता, मग आईनं कार्ड का टाकलं नाही? त्याचं उत्तर मला त्याच्या तोंडावर द्यावं लागलं असतं. मागचा माणूस ढकलायला लागला तसा मी रांगेतून बाजूला झालो. घरी गेलो. उद्या जाऊ म्हटलं. आईनं चिवडा केला, चकल्या केल्या. सहा दिवस मी घरी खाऊनपिऊन झोपा काढल्या, आणि सातव्या दिवशी तुळजापूरची बस धरली. शेजारच्या आसनावर हैदराबादचा एक व्यापारी होता. त्याच्याकडून मी चार मोहल्ल्यांची नावं विचारून घेतली, सांगायला बरी पडतील म्हणून. इतका मी हुशार.

काकू उंबऱ्यातच बसल्या होत्या. मी नकारार्थी मान हलवली. मग ती चार नावं घेतली, सगळे कारखाने पालथे घातले म्हणालो, फोटो दाखवून दाखवून थकलो म्हणालो. त्या उठून आत गेल्या. मला वाटलं रडायला गेल्या. थोड्या वेळानं पितळी घंगाळात ऊन पाणी घेऊन बाहेर आल्या, त्यात मीठ टाकलं, आणि माझ्यासमोर जमिनीवर बसल्या. मी पाय मागं ओढले. काकू, हे काय, नको, म्हणालो.

“द्या हिकडं,” त्या म्हणाल्या. “माझ्या पोरासाठी झिजले हे पाय.”

आणि माझ्या आईच्या वयाच्या त्या बाईनं माझे दोन्ही पाय पाण्यात घेऊन चोळले, बोटांच्या बेचक्यांतून, टाचांवरून. त्या पायांना सोलापूरच्या घरच्या सारवलेल्या जमिनीशिवाय काही लागलं नव्हतं. मला वाटलं आता ओरडून सांगावं. मी नुसता पाण्याकडं बघत राहिलो, आणि काकूंना वाटलं, पोर फार दमलंय.

त्यानंतर कार्ड आलं नाही. काकूंनी गल्लीभर सांगितलं, पोटच्या पोरानं केलं नसतं ते मास्तरनं केलं. मुलगा आपल्याला विसरला, असंच त्या धरून चालल्या. एकदा त्याच्याबद्दल कडू बोलल्या, मी ऐकून घेतलं. मी त्या घरात आणखी नऊ वर्षं राहिलो. लग्न झालं, बायको त्याच घरात आली, काकूंनी तिला सून म्हटलं.

त्या गेल्या तेव्हा भाऊबंद अंगणात जमले होते. मडकं कुणी धरायचं, यावरून कुजबुज सुरू झाली. तेव्हा पेशकार, कमरेत वाकलेले, काठी टेकत पुढं आले. काकूंनी आठ दिवसांपूर्वीच आपल्याला सांगून ठेवलंय, म्हणाले, मडकं मास्तरनं धरायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या, ते रास्तच आहे म्हणाले. मी पेशकारांना बाजूला नेऊन हात जोडले. म्हटलं, तुम्हाला तर सगळं माहीत आहे, मला हे करायला लावू नका.

“खरं बोलायचं त्या दिवशी व्हतं, मास्तर,” ते म्हणाले. “आता धरा.”

मी ओलेत्यानं पुढं चाललो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभी असलेली माणसं माझ्याकडं बोट दाखवून एकमेकांना सांगत होती, हा तिचा मुलगा.